बिक्सची रिकामी खुर्ची

घेतल्याशिवाय वादकाचा सूर मोकळा होत नाही, असे सांगणारे लोक मला पुष्कळ भेटले. त्यांच्यासमोर मी बिक्स बायडरबेकचे नाव काढतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डेव्हनपोर्ट गावी १९०३ साली जन्मलेला हा मुलगा कॉर्नेट स्वतःच शिकला. नोटेशन वाचण्यात कच्चा, कानाने मात्र विलक्षण तयार.

अमेरिकेत १९२० पासून दारूबंदी होती. पण जॅझ रंगे तो चोरट्या गुत्त्यांत, आणि तिथली भेसळीची दारू वादकांच्या हाताशीच असे. बिक्स वाजवत गेला, पीत गेला. १९२७ साली त्याने ‘सिंगिंग द ब्ल्यूज’ ध्वनिमुद्रित केले. तो स्वच्छ, गोल सूर आजही ऐकावा. (दारूने सूर लागत असता, तर गुत्त्यातले प्रत्येक गिऱ्हाईक बिक्स झाले असते!)

त्याच वर्षी तो पॉल व्हाइटमनच्या मोठ्या वाद्यवृंदात गेला. १९२८ च्या अखेरीस प्रकृतीने दगा दिला. व्हाइटमनने सांभाळून घेतले, १९२९ मध्ये घरी पाठवले, खुर्ची राखून ठेवली. मला वाटते, या माणुसकीच्या सांभाळण्यानेच दुखणे फार दिवस झाकलेले राहिले. दारू सोडवण्याचे उपचार झाले. बिक्स त्या खुर्चीवर परतला नाही. ६ ऑगस्ट १९३१ रोजी न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात तो गेला. वय २८.

ट्रम्पेटवादक बनी बेरिगनने १९३८ साली बिक्सच्या पियानोरचना आपल्या वृंदाकडून ध्वनिमुद्रित करवून घेतल्या. १९४२ साली तोही दारूपायीच गेला, ३३ वर्षांचा.