पंडिता रमाबाई आणि मध्यप्रांतातील मुली

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट जिल्हा आज मध्य प्रदेशात आहे. पूर्वी तो नागपूर, भंडारा यांच्याबरोबर मध्यप्रांतात होता. १८९६-९७ साली या मध्यप्रांतावर भीषण दुष्काळ पडला. पिके बुडाली, घरे मोडली, अनाथ मुली व तरुण विधवा अन्नासाठी वणवण फिरू लागल्या. भाकरीचे आमिष दाखवून त्यांना पळविणारे व विकणारे लोकही तेथे हिंडत होते. त्यांच्या आधी या मुलींना गाठण्यासाठी पुण्याहून एक विधवा निघाली. ती पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्या लहान वयातच संस्कृत शिकल्या; पण १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण अशी तिघे थोड्याच अवधीत गेली. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८८२ साली त्यांना वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथे फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा भगिनी किती मायेने करतात, हे त्यांनी पाहिले. ते त्या कधी विसरल्या नाहीत. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले.

मध्यप्रांतात गेल्यावर रमाबाईंनी केवळ कनवाळूपणा दाखविला नाही. त्यांनी चौकशी केली. सरकारी दुष्काळी छावण्या स्वतः पाहिल्या, तेथेही मुली सुरक्षित नाहीत हे ओळखले आणि लिहून जगापुढे मांडले. सुमारे ३०० मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस होते, म्हणून केडगावच्या शेतावर निवारा उभारला गेला. तेच पुढे मुक्ती सदन झाले.

मुली हाडांचे सापळे झाल्या होत्या, कित्येक दगावल्या. उरलेल्यांना आधी अन्न, औषध व अंगभर वस्त्र मिळाले. शारदा सदनातील मोठ्या मुलींनी धाकट्यांना सांभाळले. मग अक्षरओळख झाली, विणकाम, शिवण, शेती, छापखाना आला. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी पुढे वेगळे कृपा सदन निघाले. आधी सुरक्षितता, मग विश्वास, मग स्वतःच्या हातची भाकर, हाच क्रम आजचे जाणकारही अभ्यासाअंती सांगतात. घाबरलेले मूल अन्न लपविते, खोटे बोलते, मायेचा हातही झिडकारते. तो त्याचा स्वभाव नसून भोगलेल्या दुःखाची खूण असते.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. मुलींचा व्यापार मात्र संपलेला नाही. नोकरीच्या किंवा लग्नाच्या नावाने नेलेली एखादी मुलगी परत आली, तर आम्ही काय करतो? ती कोठे होती, हे कुजबुजतो. किंवा प्रेमापोटीच तिला मंडळीपुढे साक्ष द्यायला उभी करतो. दोन्हींनी जखम पुन्हा उघडते. तिने सांगावे की नाही, केव्हा व कोणाला सांगावे, हे तिचे तिनेच ठरवायचे आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी याईराच्या मुलीची गोष्ट पुन्हा वाचावी. तिला उठविल्यावर प्रभूने तिला खायला द्यायला सांगितले, आणि हे कोणाला कळू देऊ नका, अशी ताकीदही दिली. आमची सेवाही त्या दोन आज्ञांना धरून असावी.