रात्री जागून लढलेले वकीलसाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. सनदेच्या पैशासाठीही मित्र नवल भथेना यांची मदत घ्यावी लागली. अस्पृश्य म्हणून सॉलिसिटर कामं देईनात. परळच्या दामोदर हॉलमधल्या ऑफिसात मात्र गोरगरिबांची रीघ लागे. कितीतरी जणांची कामं साहेबांनी फी न घेता केली. कोर्टाची मुदत चुकवून चालत नाही. दिवसा कोर्ट नि चळवळ, म्हणून कागदपत्रं नि वाचन रात्रीवर जाई.

महाडच्या चवदार तळ्याचा दावा १२ डिसेंबर १९२७ रोजी खुद्द साहेबांवरच झाला. महाड, ठाणे, मग मुंबई हायकोर्ट! १७ मार्च १९३७ रोजी शेवटचा निकाल आपल्या बाजूने लागला. नऊ वर्षं उलटली, पण साहेबांनी माघार घेतली नाही.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही, दिल्लीत, झोपण्यापूर्वी त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागवून घेतले होते.

बंधू-भगिनींनो, आज आपली पोरं-पोरी काळा कोट घालतात, ती या जागरणांची कमाई. त्यांनी गरिबाचा कागद मुदतीत दाखल करावा. हेच साहेबांना खरं अभिवादन. जयभीम!