ओरिजेन : अक्षरनिष्ठा आणि गूढार्थशोध

धर्मग्रंथाचा अर्थ त्याच्या शब्दांच्या पृष्ठभागावर संपत नाही, ही धारणा ज्यू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही परंपरांत प्राचीन आहे. ख्रिस्ती परंपरेत तिला शिस्तबद्ध अर्थनिर्णयनपद्धतीचे रूप प्रामुख्याने दिले ते तिसऱ्या शतकातील ओरिजेन या विद्वानाने. गूढार्थाचा पुरस्कर्ता म्हणून त्याचा गौरव झाला आणि मूळ ग्रंथावर मनास येईल तो अर्थ लादणारा म्हणून त्याची निर्भर्त्सनाही झाली. त्याच्या जीवनकार्याचा एकत्रित विचार केला असता मात्र ही दोन्ही मूल्यमापने अपुरी ठरतात. गूढार्थाचा शोध आणि अक्षराची काटेकोर चिकित्सा ही त्याच्या ठायी एकाच व्यासंगाची दोन अंगे होती.

ओरिजेनचा जन्म इ. स. १८५च्या सुमारास इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे झाला. होमरच्या काव्याची संहिताचिकित्सा या नगरीतच विकसित झाली होती आणि पहिल्या शतकात फिलो या ज्यू तत्त्वज्ञाने मोशेच्या ग्रंथांचा रूपकात्मक अर्थ येथेच लावला होता. या दोन्ही परंपरांचा वारसा ओरिजेनला लाभला. त्याचे वडील लिओनिदस यांनी त्याला ग्रीक विद्यांबरोबर धर्मशास्त्राचेही पाठ दिले. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळातील छळात, २०२च्या सुमारास, लिओनिदस यांचा शिरच्छेद झाला. वडिलांमागोमाग हौतात्म्य पत्करण्यास निघालेल्या मुलाला थोपविण्यासाठी आईने त्याचे कपडे लपवून ठेवले, असे चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस सांगतो. कुटुंबाची मालमत्ता सरकारजमा झाली. सात भावंडांत थोरला असलेला ओरिजेन व्याकरणाचे अध्यापन करू लागला. पुढे बिशप डेमेट्रियसने धर्मदीक्षेच्छूंच्या शिक्षणाचे काम त्याच्याकडे सोपविले. तेव्हा त्याने आपल्या जवळचे ग्रीक ग्रंथ विकून टाकले आणि त्याबदल्यात मिळणाऱ्या दररोजच्या चार ओबोल या क्षुल्लक रकमेवर निर्वाह चालविला.

याच काळातील एक घटना युसेबियसने नोंदविली आहे. स्वर्गाच्या राज्यासाठी नपुंसक झालेल्यांविषयी मत्तयकृत शुभवर्तमानात जे वचन आहे, ते अक्षरशः घेऊन तरुण ओरिजेनने स्वतःचे खच्चीकरण केले, अशी ती हकिकत होय. काही आधुनिक अभ्यासकांना ती संशयास्पद वाटते. उत्तरायुष्यात मत्तयावर लिहिलेल्या भाष्यात मात्र ओरिजेनने याच वचनाचा अक्षरशः अर्थ घेण्यास स्पष्ट विरोध केला आहे. हकिकत खरी असो वा नसो, वाचनाची चूक वाचकाच्या आयुष्यावर केवढा आघात करू शकते याचे तीव्र भान त्या भाष्यातून प्रकट होते.

अर्थनिर्णयनाचा प्रश्न त्या काळी ख्रिस्ती समाजाच्या अस्तित्वाशीच निगडित होता. मार्कियनच्या अनुयायांनी जुन्या करारातील क्रोधी, पश्चात्ताप पावणारा देव अक्षरशः स्वीकारला आणि तो ख्रिस्ताचा पिता नव्हे, असे ठरवून तो सारा ग्रंथच त्याज्य मानला. साध्या श्रद्धाळूंनी तीच वर्णने तशीच खरी मानून देवाविषयी विपरीत कल्पना बाळगल्या. ओरिजेनच्या मते दोघांच्या चुकीचे मूळ एकच होते, ते म्हणजे अर्थ शब्दापाशी थांबविणे. ‘पेरी आर्खोन’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात त्याने यावर आपला सिद्धांत मांडला. मनुष्याला देह, प्राण आणि आत्मा आहे. त्याप्रमाणे धर्मशास्त्रालाही देहरूप शब्दार्थ, प्राणरूप नैतिक अर्थ आणि आत्मरूप गूढार्थ आहे, असे तो म्हणतो. सूर्य निर्माण होण्यापूर्वीच दिवस कसे झाले? सर्व राज्ये एकाच पर्वतावरून कशी दिसतील? अशा अशक्य गोष्टी ईश्वरानेच संहितेत अडथळ्यांप्रमाणे पेरल्या असून वाचकाने ठेच लागून खोल अर्थाकडे वळावे हा त्यांचा हेतू आहे, असे तो मानतो.

भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला येथे लक्षणेच्या विचारातील मुख्यार्थबाधाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मात्र साम्याची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. लक्षणेत बाध वाक्याच्या पातळीवर निर्माण होतो आणि लक्ष्यार्थ मुख्यार्थाशी निश्चित संबंधाने बांधलेला असतो. ओरिजेनच्या पद्धतीत संपूर्ण आख्याने रूपकात्मक ठरतात आणि त्या अर्थाची कसोटी उर्वरित धर्मग्रंथातच शोधली जाते. एका हिब्रू आचार्याकडून ऐकलेला दृष्टांत त्याने नोंदवून ठेवला आहे. धर्मशास्त्र हे अनेक कुलूपबंद खोल्यांचे घर आहे. प्रत्येक दारापाशी एक किल्ली आहे, परंतु ती त्या दाराची नाही. एका वचनाचा उलगडा दुसऱ्या वचनाने होतो, हे ओरिजेनचे सूत्र असे ज्यू परंपरेच्या ऋणातून आले आहे.

किल्ल्या शोधायच्या तर आधी शब्द निश्चित हवा. या जाणिवेतून ‘हेक्साप्ला’ हा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. त्यात जुन्या कराराची हिब्रू संहिता, तिचे ग्रीक लिप्यंतर आणि अक्विला, सिम्माखस, सेप्टुआजिंट व थिओडोशन ही चार ग्रीक भाषांतरे सहा स्तंभांत समांतर मांडली होती. सेप्टुआजिंटमधील अधिक व उणा मजकूर त्याने होमरच्या चिकित्सकांनी रूढ केलेल्या चिन्हांनी दर्शविला. अम्ब्रोसियस या धनिक मित्राने त्याला लेखनकार्यासाठी आळीपाळीने काम करणारे सातांहून अधिक लघुलेखक, तितकेच नक्कलकार आणि सुलेखनात निपुण मुली पुरविल्या होत्या.

२३०च्या सुमारास पॅलेस्टाइनमधील बिशपांनी ओरिजेनला धर्मगुरुपदाची दीक्षा दिली. आपला अधिकार डावलला गेल्याने संतप्त झालेल्या डेमेट्रियसने त्याच्याविरुद्ध ठराव करविले आणि त्याला अलेक्झांड्रिया कायमची सोडावी लागली. उर्वरित आयुष्य त्याने कैसरिया येथे काढले. तेथील त्याच्या शाळेत तर्क, भूमिती, खगोल आणि नीतिशास्त्र यांनंतरच धर्मग्रंथाचे अध्ययन होत असे. येथे त्याचा ज्यू पंडितांशी निकटचा संपर्क आला. फिलोचे ग्रंथ पुढील काळाला उपलब्ध झाले, त्याचे श्रेयही कैसरियातील ग्रंथसंग्रहाला दिले जाते.

गीतरत्नावरील त्याचे भाष्य हा या पद्धतीचा परमोत्कर्ष होय. प्रियकर-प्रेयसीच्या संवादात त्याने ख्रिस्त आणि ख्रिस्तमंडळी, तसेच दिव्य शब्द आणि जीवात्मा यांचे मीलन पाहिले. परिपक्व वयापूर्वी हा ग्रंथ हाती देऊ नये, हा ज्यूंचा संकेत त्याने संमतीपूर्वक नमूद केला. गणना या ग्रंथातील इस्राएलच्या बेचाळीस मुक्कामांच्या रूक्ष यादीतही त्याला आत्म्याच्या ऊर्ध्वयात्रेचे टप्पे दिसले. पलिष्ट्यांनी बुजविलेल्या विहिरी इसहाकाने पुन्हा खणल्या, या कथेत त्याने गूढार्थाच्या शोधाचेच रूपक पाहिले. तथापि, ज्यू गुरूंचे ऋण घेणाऱ्या ओरिजेनने ज्यूंवर सरसकट अक्षरवादाचा ठपका ठेवला, हा त्याच्या विचारातील अंतर्विरोध नजरेआड करता येत नाही. फिलोचे उदाहरणच त्या आरोपाला खोडून काढण्यास पुरेसे होते.

२५०मध्ये सम्राट डेसियसच्या छळात वृद्ध ओरिजेनला तुरुंगात टाकून लोखंडी गळपट्टा आणि पाय ताणणारा खोडा यांनी यातना देण्यात आल्या. तो श्रद्धेपासून ढळला नाही. परंतु त्यानंतर थोड्याच वर्षांत, २५३-५४च्या सुमारास, त्याचे निधन झाले. मृत्यूनंतर तीन शतकांनी त्याच्यावर दुसरा आघात झाला. जस्टिनियनने ५४३मध्ये त्याच्या मतांविरुद्ध आज्ञापत्र काढले आणि ५५३च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी त्याचा धिक्कार जोडला गेला. परिणामी त्याचे बरेचसे ग्रीक लेखन नष्ट झाले. पुष्कळसे रुफिनस आणि जेरोम यांच्या लॅटिन भाषांतरांतूनच उरले. तरीही १९४१मध्ये कैरोजवळील तुरा येथे त्याच्या लेखनाचे पपायरस मिळाले आणि २०१२मध्ये म्युनिकच्या ग्रंथालयातील एका हस्तलिखितात स्तोत्रांवरील एकोणतीस ग्रीक प्रवचने आढळली.

ओरिजेनचे अनेक अर्थ आज स्वीकारता येणार नाहीत. परंतु गूढार्थाचा अधिकार सांगणाऱ्याने आधी पाठभेदांचे श्रम केले पाहिजेत, हा त्याने आचरणातून घालून दिलेला दंडक साहित्याच्या कोणत्याही अभ्यासकाला मार्गदर्शक आहे. हेक्साप्लाशिवाय त्याचे गीतरत्नभाष्य वाचणे म्हणजे त्याच्या पद्धतीचा अर्धाच भाग वाचणे होय.