ऋणमुक्त हाइन्झ

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेस, द्राक्षमळ्यांच्या कुशीत काल्श्टाट हे लहानसे गाव वसले आहे. तेथील एक तरुण १८४० मध्ये अमेरिकेस गेला. त्याचा पुत्र हेन्री हाइन्झ १८४४ मध्ये पिट्सबर्ग येथे जन्मला. बालपणी तो आईच्या बागेतील भाजी दारोदार विकी. पुढे त्याने किसलेले तिखट कंद पारदर्शक बाटल्यांत भरून विकण्यास आरंभ केला. माल निर्भेळ आहे हे गिऱ्हाइकास दिसावे, हा त्याचा हेतू. १८७५ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. कायद्याने त्याची सुटका झाली. मनाने मात्र ती मानली नाही. नव्याने धंदा उभारून त्याने सावकारांचे ऋण फेडले आणि मगच, १८८६ मध्ये, वडिलांच्या गावी जाऊन आप्तांची भेट घेतली. १९१९ मध्ये तो निवर्तला. सचोटी हेच त्याचे खरे भांडवल होते.