गवई पुन्हा विद्यार्थी झाले तेव्हा

मंडळाच्या या अंकासाठी 'शाळा' हा विषय ठरला, तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांनी आपापल्या शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या. मीही तेच करणार होते. पण डिसेंबरात ग्वाल्हेरला जाऊन आले आणि माझा विषयच बदलला.

आधी थोडं घरचं सांगते. माझी आई वसईत शिक्षिका आहे. दर वर्षी तिला कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला जावं लागतं. संध्याकाळी ती फाइल, पेन आणि वैताग घेऊन परत येते. शिकवणाऱ्याने साठ मुलांचा वर्ग कधी पाहिलेला नसतो, ही तिची नेहमीची तक्रार. शाळेचा विकास आराखडाही दर वर्षी तयार होतो आणि कपाटात जातो. मला बी.ए. झाल्यावर बी.एड. करायचंय, म्हणून या तक्रारी मी जरा जास्तच कान देऊन ऐकते. शिकवणाऱ्यांना शिकवायचं कसं, आणि त्यांनी ते मनापासून का शिकावं, हा प्रश्न माझ्या डोक्यात होताच.

तो प्रश्न घेऊनच मी पंजाब मेलने ग्वाल्हेरला उतरले. मंडळातली माझी मैत्रीण मूळची तिथली, लष्करातली. लष्कर म्हणजे खरोखरच लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला, तो उठलाच नाही आणि त्याचं शहर झालं. आजही फाळके बाजार, पाटणकर बाजार अशी नावं कानावर पडतात, आणि मैत्रिणीची आजी मराठीत सुरू केलेलं वाक्य आरामात हिंदीत संपवते. या आजींनीच मला सांगितलं की त्यांचे वडील इथल्या माधव संगीत महाविद्यालयात शिकले, आणि ते कॉलेज उभं करण्यासाठी आधी ग्वाल्हेरच्या गवयांना मुंबईला शिकायला पाठवलं होतं. ग्वाल्हेरच्या गवयांना? ख्यालाच्या माहेरघरातल्या लोकांना? आणि शिकवणार कोण, तर मुंबईचे एक वकील!

ते वकील म्हणजे पंडित विष्णु नारायण भातखंडे. परत आल्यावर मी लायब्ररीत बसून त्यांचं आयुष्य वाचून काढलं. संगीताची पुस्तकं लिहिणारे आणि दहा थाट सांगणारे भातखंडे आपल्याला माहीत असतात. मला मात्र त्यांच्यात शाळा कशी उभारावी हे कळलेला माणूस दिसला.

भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वरला झाला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. घर मध्यमवर्गीय, गाणं आवडणारं, पण गाण्यावर जगणारं नव्हे. शिक्षण चालू असतानाच ते सतार शिकू लागले. १८८४ मध्ये ते गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले. पारशी मंडळींनी चालवलेली ही संस्था. तिथे रावजीबुवा बेलबागकर आणि अलीहुसेन खाँ यांच्याकडून त्यांना धृपदं आणि ख्याल मिळाले. १८८५ मध्ये बी.ए. आणि १८८७ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली. गाणं हा फावल्या वेळेतला छंद होता.

मग घरावर घाव पडले. १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगी गेली. त्यानंतर हळूहळू वकिली सुटली आणि उरलेलं सगळं आयुष्य संगीताला दिलं गेलं. चरित्रांत हा भाग दोन ओळींत संपतो. मी मात्र तिथे थोडा वेळ थांबले. रिकाम्या घरातून बाहेर पडलेला त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचा माणूस देशभर हिंडतो आणि लोकांना प्रश्न विचारत सुटतो, हे मला नुसतं संशोधन वाटत नाही.

हिंडले मात्र ते नेटाने. १९०४ मध्ये दक्षिणेत मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयपुरम्. तिथे त्यांना व्यंकटमखीची बहात्तर मेळांची व्यवस्था नीट समजली. पुढे १९०७ आणि १९०८ मध्ये नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, काशी, लखनौ, दिल्ली, जयपूर, उदयपूर. ज्याला भेटतील त्याला तेच विचारायचं: हा राग तुमच्याकडे कसा गातात, याला आधार कोणता? पुष्कळांनी उत्तरं टाळली. चीज ही घराण्याची ठेव. ती परक्याच्या वहीत कशी उतरवायची? तरीही जयपूरच्या मनरंग परंपरेतल्या महंमद अली खाँ यांच्या मुलांकडून त्यांनी शेकडो चिजा मिळवल्या. रामपूरचे नवाब हामीद अली खाँ यांचे ते रीतसर शागीर्द झाले, तेही पन्नाशी उलटल्यावर. पुढे दुसऱ्यांना विद्यार्थी करणारा हा माणूस स्वतः आधी इतकी वर्षं विद्यार्थी होता, हे मला विशेष वाटतं.

जमवलेल्याची त्यांनी मांडणी केली. संस्कृतात 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' लिहिलं आणि १९१० पासून मराठीत 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ. त्याचे चार भाग व्हायला दोन दशकं लागली. मराठी ग्रंथ गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका विचारतो, अडतो, पुन्हा विचारतो. मुद्दा कुठे अडणार हे लेखकाने आधीच ओळखलेलं असतं. एवढ्यावरूनही कळतं की लिहिणारा मनाने शिक्षक आहे.

शिवाय त्यांनी स्वरलेखन सोपं केलं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्या सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. बस्स. छापखान्यातल्या साध्या टाइपांत बसेल आणि शाळेतलं मूल एका दिवसात ओळखेल असं. इथे मला अरेझोचा ग्विदो आठवला. अकराव्या शतकातला हा बेनेडिक्टाइन संन्यासी मठातल्या गायकांना वर्षानुवर्षं पाठांतरात घालवताना पाहून कंटाळला आणि त्याने ओळींवर स्वर लिहायची पद्धत बसवली. दहा वर्षांचं काम एक-दोन वर्षांत होईल, असा त्याचा दावा होता. आमच्या चर्चच्या गायनवृंदात मी गाते ते शेवटी त्याच्याच कृपेने. ग्विदो आणि भातखंडे यांना एकमेकांपासून नऊशे वर्षं आणि अर्धं जग दूर करतं, पण दोघांची अडचण एकच होती: शिकवणाऱ्याच्या गळ्यातलं ज्ञान त्याच्याबरोबर जाऊ नये.

१९१६ मध्ये बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथल्या संगीतशाळेच्या फेररचनेतही भातखंड्यांचा हात होता. मग पाळी आली ग्वाल्हेरची. माधवराव शिंदे महाराजांना आपल्या राज्यात संगीताची शाळा हवी होती. ग्वाल्हेरला गवयांची काय कमी? हद्दू खाँ-हस्सू खाँ इथलेच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात ख्याल नेला तो इथूनच. त्यातल्या चार-पाच जणांना नेमलं असतं, इमारत दिली असती, पाटी लावली असती, की झाली शाळा.

भातखंड्यांनी तसं होऊ दिलं नाही. आधी शिक्षक तयार करायचे, मगच दार उघडायचं, असा त्यांचा क्रम होता. १९१७ मध्ये ग्वाल्हेरचे निवडक गवई मुंबईला आले आणि भातखंड्यांसमोर बसून स्वरलेखन आणि वर्गात शिकवायची पद्धत शिकले. त्यांत एक होते राजाभैया पूंछवाले. लष्करातच जन्मलेले, तेव्हा पस्तिशीचे, शंकरराव पंडितांसारख्या दिग्गजाची तालीम मिळालेले.

त्या खोलीची मी कल्पना करून पाहते. समोर बसलेल्यांना शेकडो चिजा तोंडपाठ. आणि शिकवणारा मैफलीचा गवई नाही, घराण्याचा नाही, वकील! त्यांना गाणं शिकायचंच नव्हतं. शिकायचं होतं ते एकच: जे मला येतं ते मी वीस मुलांना एका तासात, पायरीपायरीने कसं देऊ? घराण्यात गुरू एका शिष्याला वर्षानुवर्षं समोर बसवतो, हवं तेव्हा देतो, नको तेव्हा देत नाही. शाळेत घंटा वाजते, वर्ग बदलतो, वर्षाअखेर परीक्षा असते. उत्तम गाणारा माणूस या नव्या कामात नवखाच असतो. हे कबूल करायला राजाभैयांसारख्या गवयाला काय पडलं असेल, याचा मी बराच विचार केला. आईच्या फाइल-पेनच्या प्रशिक्षणात आणि या मुंबईच्या खोलीत मला फरक दिसतो तो इथे. मुंबईत जे शिकवलं गेलं ते उद्या वर्गात लागणार होतं. शिकवणाऱ्याने स्वतः उंबरे झिजवून ते मिळवलं होतं. आणि शिकणाऱ्यांचं आधीचं ज्ञान कुणी पुसून टाकत नव्हतं; त्याला वर्गाचा आकार देत होतं.

जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झालं. भातखंडे पाटी लावून मोकळे झाले नाहीत. ते ग्वाल्हेरला येत राहिले, परीक्षा घेत राहिले, शिक्षकांचं काम पाहत राहिले. वर्गात काय लागतं हे कळत गेलं तशी 'क्रमिक पुस्तक मालिका' आकाराला आली. तिचे सहा भाग आहेत आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या शेकडो चिजा त्यांत आहेत. म्हणजे आधी शिक्षक, मग शाळा, मग पाठ्यपुस्तकांची मालिका! आपल्याकडे पुस्तक आधी येतं आणि शिक्षकाचा विचार सगळ्यात शेवटी होतो. राजाभैया पुढे अनेक वर्षं या संस्थेचे प्राचार्य होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे नुसतं गौरवगीत होईल. लष्करातच शंकरराव पंडितांचे चिरंजीव कृष्णराव यांनी १९१४ मध्ये आपली संगीतशाळा काढली होती आणि ती घराण्याच्या तालमीच्या बळावर चालली. मींड, श्रुती, आवाजाचा लगाव कागदावर उतरत नाही, हा घराण्यांचा आक्षेप खोटा नव्हता. शाळेतून माहीतगार निघतात, मोठे गवई निघत नाहीत, ही टीका आजही होते. आणि भातखंड्यांच्या लेखनात उस्तादांच्या शास्त्र न जाणण्याबद्दल जी अधीरता दिसते, ती मला वाचताना टोचली. ज्यांच्या तोंडून चिजा मिळाल्या, त्यांनाच अडाणी समजायचं? शिकवणाऱ्यांना सुधारायला निघालेल्या माणसाकडून हे सहज होतं. माझ्या आईच्या प्रशिक्षकांकडूनही होतं. उद्या माझ्याकडूनही होईल, याची मला भीती आहे.

ग्वाल्हेरनंतर १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते पुढे वाढवलं. आज ते भातखंड्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. १९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघात झाला आणि ते अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबईत त्यांचं निधन झालं. मागे घरदार उरलं नव्हतं. शाळा उरल्या, पुस्तकं उरली आणि शिकवायला शिकलेली माणसं उरली.

ग्वाल्हेरच्या त्या मुक्कामात आम्ही तानसेन समारोहालाही गेलो होतो. कडाक्याची थंडी, अंगावर दोन स्वेटर. पहिल्या सभेची सुरुवात तिथे प्रथेप्रमाणे माधव संगीत महाविद्यालयाच्या धृपदाने होते. मंचावर विद्यार्थी आणि शिक्षक एकत्र बसून गातात. तेव्हा मला भातखंड्यांबद्दल फारसं काहीच माहीत नव्हतं. आजींनी सांगितलेली गोष्ट तेवढी डोक्यात होती. मी आपली त्यांतले शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण हे ओळखत बसले होते. मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या बाबतीत ते शेवटपर्यंत कळलं नाही.

घरी आल्यावर आईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग भातखंडे स्वतः किती वर्षं शिकत होते, एवढंच तिने विचारलं. मी हिशेब केला: सतार हातात घेतल्यापासून ग्वाल्हेरच्या गवयांना समोर बसवेपर्यंत चाळीस वर्षं तरी. आई म्हणाली की मग ठीक आहे, अशा माणसाच्या प्रशिक्षणाला ती रविवारी मिस्सा झाल्यावरसुद्धा जाईल.