आलेक्सांद्रियाचा गुरु पंतैनस

ख्रिस्ती मंडळीच्या आरंभींच्या काळांत असे कांहीं सेवक होऊन गेले कीं, ज्यांचें कार्य मोठें, परंतु ज्यांविषयींची माहिती थोडी. त्यांपैकीं पंतैनस याचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों. कारण त्याचा संबंध आपल्या देशाशीं जोडिला जातो.

हा पुरुष इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत होऊन गेला. प्रथम तो स्तोइक नांवाच्या ग्रीक पंथाचा तत्त्वज्ञानी होता. ख्रिस्ती झाल्यावर, सन १८० च्या सुमारास, मिसर देशांतील आलेक्सांद्रिया शहरीं तो ख्रिस्ती शाळेचा मुख्य गुरु होता.

चौथ्या शतकांतील इतिहासकार युसेबियस सांगतो कीं, पंतैनस सुवार्तेसाठीं हिंदुस्थानास गेला. जेरोम लिहितो कीं, तेथील लोकांच्या वकिलांनीं शिक्षक मागितला, म्हणून देमेत्रियस बिशपानें त्यास पाठविलें. त्या काळीं मिसरचीं गलबतें तांबड्या समुद्रांतून निघून मोसमी वाऱ्यावर आपल्या पश्चिम किनाऱ्यास येत. पहिल्या शतकांतील पेरिप्लस नामक ग्रीक ग्रंथांत कल्याण बंदराचें नांव आहे, आणि तेरचें कापड गाड्यांतून भडोचास जाई असेंही वर्णन आहे. मारेगांवाकडील कापूस पिकविणाऱ्या आमच्या वाचकांस हा व्यवहार सहज समजेल. तथापि ग्रीक लेखक हिंदुस्थान हें नांव दक्षिण अरबस्तानासही लावीत. म्हणून पंतैनस तेथेंच गेला असावा, असें कांहीं विद्वानांचें मत आहे.

तो ज्या देशीं पोहोंचला, तेथें त्यास एक आश्चर्य दिसलें, असें युसेबियस सांगतो. ज्यांस शिकवावयास तो गेला, त्यांच्यांतील कांहीं लोक ख्रिस्तास आधींच ओळखत होते. बर्थलमय प्रेषितानें ठेविलेलें इब्री अक्षरांतील मत्तयकृत शुभवर्तमान त्यांनीं जपून ठेविलें होतें. एवढ्या मोठ्या पंडितास समुद्र ओलांडल्यावर कळलें कीं, बीज आपल्या पूर्वींच पेरिलें गेलें आहे.

पुढें तो आलेक्सांद्रियास परतला व शिकवीत राहिला. देशोदेशीं गुरु शोधीत फिरलेला क्लेमेंत त्याच्यापाशीं येऊन स्थिरावला, आणि त्याच्या मागून त्या शाळेचा गुरु झाला. सन २०० च्या सुमारास पंतैनस मरण पावला. त्याचे ग्रंथ आज उपलब्ध नाहींत. क्लेमेंताचे मात्र आहेत. रोमन मंडळी त्यास संत मानून ७ जुलै हा त्याचा दिवस पाळीत आली आहे.

आम्ही संतांची प्रार्थना करीत नाहीं. तरी त्याच्या चरित्रापासून बोध घेणें उचित आहे. शुभवर्तमान जपणाऱ्या त्या लोकांपैकीं एकाचेंही नांव इतिहासांत नाहीं. पण त्यांनीं तें टाकून दिलें असतें, तर पंतैनसास तेथें काय मिळालें असतें? खेड्यांतील ज्या बंधुभगिनी आपल्या घरीं शास्त्र वाचितात व मुलांस शिकवितात, त्यांनीं आपलें काम लहान समजूं नये.