बाबासाहेबांनी निवडलेला विषय

आम्ही पंढरपूरची माणसं. १९४७ पर्यंत आमच्या वाडवडिलांना विठ्ठलमंदिर बंद. चोखोबांच्या समाधीपासूनच हात जोडून माघारी फिरायचं. परमपूज्य बाबासाहेबांनाही शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. १९१२ साली ते बी.ए. झाले. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं अर्थशास्त्र मुख्य ठेवलं, जोडीला समाजशास्त्र, मानववंशशास्त्रही घेतलं. ९ मे १९१६ रोजी, पंचविसाव्या वर्षी, जातीच्या उगमावर निबंध वाचला. जिनं वाट अडवली, तिचाच त्यांनी अभ्यास केला. पुढं संस्कृतही शिकलेच. कॉलेजातल्या आमच्या मुलामुलींनो, विषय निवडताना नोकरी बघाच. पण आपल्या माणसांचं दुखणं कुठं आहे, तेही बघा. बाबासाहेबांना हेच खरं अभिवादन!